वनकुसवड्याचा वारा आणि हॅम्बुर्गचा कायदा

पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर मृगाचा पाऊस लागला की वारा थांबायचे नाव घेत नाही. कोयनेच्या खोऱ्यातून वर चढलेला नैर्ऋत्य वारा हजार मीटरहून उंच असलेल्या या सड्यावर मोकाट सुटतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथल्या पवनचक्क्या वर्षभराच्या विजेचा मोठा वाटा काढून घेतात. याच दिवसांत धुके इतके दाट असते, की खांबाच्या बुडाशी उभे राहिले तरी वरची पाती दिसत नाहीत, फिरण्याचा आवाज तेवढा येतो.

या पठारावर पवनचक्क्या आल्या त्या गेल्या शतकाच्या अखेरीस. त्या वेळी पवनचक्की घेणाऱ्या कंपनीला पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळत असे. २००२ मध्ये तो ८० टक्क्यांवर आला. करात एवढी सूट म्हटल्यावर बजाज ऑटोसारख्या वाऱ्याच्या धंद्याशी संबंध नसलेल्या कंपन्यांनीही इथे पैसा घातला. यंत्रे बसवायची आणि पुढे वर्षानुवर्षे सांभाळायची, हे काम मोठ्या प्रमाणावर घेतले ते १९९५ मध्ये स्थापन झालेल्या सुझलॉनने. कापडधंद्यातून आलेल्या तुलसी तांती यांनी काढलेली ही कंपनी. वनकुसवड्यावर तिने प्रामुख्याने ३५० किलोवॉटची यंत्रे उभी केली. आजच्या मानाने ती लहान वाटतात, पण एका काळी या पठाराची गणना आशियातल्या सर्वांत मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांत होत होती.

बहुराष्ट्रीय कंपनी म्हटले की मालक परदेशात आणि कामगार आपल्याकडे, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. सुझलॉनने ते उलटे केले. मुख्यालय पुण्यात, यंत्रांचे संशोधन जर्मनीत रोस्टॉकला, पात्यांचे नेदरलँड्समध्ये हेंगेलोला, परदेशी व्यवसायाचे कार्यालय डेन्मार्कमध्ये आरहूसला, पात्यांचा एक कारखाना अमेरिकेत मिनेसोटातल्या पाइपस्टोनला होता. २००६ मध्ये तिने गिअरबॉक्स बनवणारी बेल्जियमची हॅन्सन ट्रान्समिशन्स घेतली आणि २००७ मध्ये हॅम्बुर्गच्या रिपॉवर सिस्टिम्सचा ताबा मिळवला. म्हणून एका समूहातल्या सगळ्या उपकंपन्या एकाच पद्धतीने चालवायच्या म्हणजे काय, हे समजून घ्यायला पाटणकरांना दूर जावे लागत नाही.

सुरुवात पठारावरूनच करू. पवनचक्कीची वार्षिक देखभाल ही साधी, ठरलेली गोष्ट. खांबाच्या जोडांवरचे बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळलेले आहेत का, गिअरबॉक्सच्या तेलात धातूचा चुरा येतो का, ब्रेकचे पॅड किती झिजले, पात्यांना चीर गेली आहे का, अर्थिंग नीट आहे का, अशी यादी असते. ती जगभर एकच असावी, यात वाद नाही. बोल्ट पाटणला असो की हॅम्बुर्गला, तो एकाच आकड्यावर आवळला पाहिजे, आणि तो आवळणारा टॉर्क रेंच तपासून प्रमाणित केलेला असला पाहिजे. खांबावर चढणाऱ्या माणसाच्या अंगावर हार्नेस आहे की नाही, वीज तोडून कुलूप घातल्याशिवाय कोणी पॅनेलला हात लावला का, या बाबतीत ‘आमच्याकडे असे चालते’ हे उत्तर कोणी ऐकून घेऊ नये.

पण हीच यादी कोणत्या महिन्यात पुरी करायची? जर्मनीच्या उत्तर भागात वाऱ्याचा जोर हिवाळ्यात असतो. तिथल्या माणसाला यंत्र बंद ठेवून दुरुस्ती करायला उन्हाळा, म्हणजे जून-जुलै, सोयीचा. समजा, त्याने मुख्यालयात बसून साऱ्या समूहासाठी वेळापत्रक आखले आणि वार्षिक शटडाउन जुलैत टाकले, तर वनकुसवड्यावर ऐन कमाईच्या हंगामात यंत्रे उभी राहतील. शिवाय ते काम होणारच नाही. एवढ्या वाऱ्यात क्रेन उभी करता येत नाही आणि चिखलाच्या रस्त्याने ती वर चढवताही येत नाही. इथली मोठी कामे फेब्रुवारी ते मे या काळातच उरकावी लागतात. वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो, म्हणून अर्थिंगची तपासणी त्याआधी हवी. सड्याचा जांभा कातळ वीज सहजासहजी जमिनीत मुरू देत नाही, त्यामुळे ती तपासणी सपाट मातीच्या प्रदेशापेक्षा इथे अधिक बारकाईने करावी लागते. पायाचेही तसेच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने हा सगळा टापू हादरला. भूकंपाचा धोका इथे कायम गृहीत धरावा लागतो. उत्तर जर्मनीच्या सपाटीवरच्या पायाचा नकाशा उचलून इथे वापरता येत नाही.

तपासणीची यादी आणि निकष सगळीकडे एक, महिना आणि पाया जागेप्रमाणे: हा एवढा भेद ज्या समूहाला कळला, त्याचे अर्धे काम झाले. बहुतेक समूहांत हा भेद कागदावर नसतो. नियमावलीत प्रत्येक वाक्य सारख्याच वजनाचे असते. मग साइटवरचा माणूस स्वतःच ठरवतो की कोणते वाक्य पाळायचे आणि कोणते फक्त सही करून सोडून द्यायचे. त्याने महिना बदलला तर ते शहाणपणाचे. पण त्याच सवयीने त्याने उद्या हार्नेसचे वाक्यही सोडले तर जीव जातो. नियम कशासाठी सक्तीचा आणि कशात मोकळीक, हे लिहून न दिल्याचा हा सर्वांत मोठा तोटा आहे.

दुसरी गोष्ट स्टोअरमधली. वेगवेगळ्या कंपन्या विकत घेऊन समूह तयार होतो, तेव्हा प्रत्येकीचे मटेरियल कोड वेगळे असतात. एकाच मापाचा, एकाच दर्जाचा बोल्ट एका कंपनीच्या संगणकात एका क्रमांकाने असतो, दुसरीच्या संगणकात दुसऱ्याच. एकीकडे माल पडून राहतो, दुसरीकडे तोच माल तातडीने विमानाने मागवला जातो. हे क्रमांक एक करण्याचे काम कंटाळवाणे आणि वर्षानुवर्षांचे असते. एकेक वस्तू हातात घेऊन, मोजून, तिचे चित्र पाहून ठरवावे लागते. सॉफ्टवेअर विकणारे याला किरकोळ तयारी म्हणतात. माझ्या मते खरे प्रमाणीकरण तेच आहे, सॉफ्टवेअर त्यानंतर येते.

या क्रमांकांचे महत्त्व संकटात कळते. २००८ मध्ये अमेरिकेत सुझलॉनच्या २.१ मेगावॉटच्या यंत्रांवरच्या काही पात्यांना तडे गेले आणि कंपनीला बाराशेहून अधिक पाती मजबूत करून देण्याचा खर्चिक कार्यक्रम हाती घ्यावा लागला. अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो असा: हे पाते कोणत्या कारखान्यात, कोणत्या खेपेत, कोणत्या साच्यातून, कोणत्या राळेने तयार झाले? पात्यांचे कारखाने दोन-तीन खंडांवर असतील आणि प्रत्येकाची नोंद ठेवण्याची रीत वेगळी असेल, तर बिघाड नेमका किती पात्यांपुरता आहे हे सांगता येत नाही. मग चांगली पातीही उतरवावी लागतात.

हिशेबाच्या बाजूला एकसारखेपणा ऐच्छिक नसतो. भारतात कंपनी कायद्याने पालक कंपनीला सर्व उपकंपन्यांसह एकत्रित ताळेबंद द्यावा लागतो आणि त्यासाठी हिशेबाची धोरणे सर्वत्र सारखी धरावी लागतात. एका देशात पवनचक्की पोचली की विक्री धरायची आणि दुसऱ्या देशात ती चालू झाल्यावर, असे दोन्ही आकडे मिळवून बेरीज करता येत नाही. वर्षही जुळावे लागते. आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, जर्मनीत बहुतेक कंपन्यांचे ३१ डिसेंबरला. सुझलॉनकडे ताबा आल्यानंतर रिपॉवरचे वर्षही एप्रिल ते मार्च झाले. हॅम्बुर्गच्या हिशेबनिसांनी आपली दिनदर्शिका पुण्याला जुळवून घेतली. बाहेरून क्षुल्लक दिसणारा हा बदल समूहाच्या दृष्टीने पायाभरणीचा होता.

मात्र दिनदर्शिका बदलणे जितके सोपे गेले तितके पुढचे गेले नाही. सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे.

रिपॉवरकडे असे काही होते जे सुझलॉनला हवे होते. समुद्रात उभारता येणारे ५ मेगावॉटचे यंत्र तिने २००४ मध्ये उभे केले होते. त्या वेळी ते जगातले सर्वांत मोठे होते. त्या कंपनीवर फ्रान्सच्या अरेव्हाचाही डोळा होता. चढाओढीत बोली वाढत वाढत एका शेअरला १५० युरोंवर गेली आणि २००७ च्या मे अखेरीस अरेव्हाने माघार घेतली. पण तिने आपले शेअर विकले नाहीत. अरेव्हा, पोर्तुगालची मार्टिफेर आणि सुझलॉन यांच्यातल्या करारांमुळे मतदानाचे पारडे सुझलॉनकडे झुकले; प्रत्यक्ष मालकी मात्र सुमारे एकतृतीयांशच होती.

आपल्याकडच्या सवयीने वाटेल, मते हातात आली म्हणजे कंपनी हातात आली. जर्मनीत तसे नसते. तिथल्या भागभांडवली कंपनीचे संचालक मंडळ कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर चालवते. मोठा भागधारक त्याला थेट आदेश देऊ शकत नाही. उपकंपनीचे नुकसान होईल असे काही पालक कंपनीने करायला लावले, तर त्याची भरपाई द्यावी लागते, आणि तसे झाले की नाही याचा अहवाल मंडळाला दरवर्षी करावा लागतो. आदेश देण्याचा हक्क हवा असेल तर दोन्ही कंपन्यांत वेगळा वर्चस्व करार लागतो. तो सभेत तीन चतुर्थांश भांडवलाने मंजूर व्हावा लागतो, छोट्या भागधारकांना रास्त मोबदला देऊन बाहेर पडण्याची संधी द्यावी लागते आणि उपकंपनीला तोटा झाला तर तो पालक कंपनीने भरून द्यावा लागतो. शिवाय मोठ्या जर्मन कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात कामगारांचे प्रतिनिधी बसतात; दोन हजारांवर कामगार असतील तर निम्म्या जागा त्यांच्या.

याचा परिणाम काय झाला? पुण्याला वाटत होते, रिपॉवरचे आराखडे आणि सुझलॉनचे स्वस्त उत्पादन एकत्र आणू, खरेदी एक करू, पुरवठादार एक करू. पण रिपॉवरचे आराखडे म्हणजे तिच्या सर्व भागधारकांची मालमत्ता. एका भागधारकाला ते फुकट दिले तर बाकीच्यांचे नुकसान. त्यामुळे एका समूहात असूनही दोन्ही कंपन्यांना परक्यांसारखे, बाजारभावाने व्यवहार करावे लागले. सुझलॉनने २००८ मध्ये अरेव्हाचा वाटा घेतला, २००९ पर्यंत मार्टिफेरचा. तरी काही टक्के शेअर लोकांकडे उरले. २०११ मध्ये मालकी ९५ टक्क्यांपलीकडे गेली, तेव्हा कुठे उरलेल्यांना मोबदला देऊन बाहेर काढण्याची कायदेशीर वाट उघडली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रिपॉवर पूर्णपणे सुझलॉनची झाली. ताबा मिळाल्यापासून चार वर्षांहून अधिक काळ गेला होता. दरम्यान जागतिक मंदी आली, कर्ज वाढले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुझलॉनला परकीय चलनातल्या रोख्यांची सुमारे २० कोटी डॉलरची परतफेड वेळेवर करता आली नाही. रिपॉवरचे नाव २०१४ मध्ये सेन्व्हियन झाले आणि २०१५ मध्ये सुझलॉनने ती १ अब्ज युरोंना विकून टाकली.

सुझलॉनच्या अडचणींची कारणे अनेक होती, सारा दोष या एका गोष्टीवर ढकलणे बरोबर नाही. पण ज्या एकत्रीकरणाच्या भरवशावर एवढी किंमत मोजली, ते सुरू करण्याचा हक्कच चार वर्षे हातात नव्हता, हे खरे. कंपनी विकत घेताना यंत्रे तपासतात, ऑर्डर तपासतात, कर्ज तपासतात. आपला आदेश तिथे किती चालेल हे त्याहून आधी तपासायला हवे.

हाच प्रश्न उलट्या दिशेनेही आला. सांगली जिल्ह्याच्या माळावर काही यंत्रांचा माथा अंड्यासारखा गोल दिसतो. ती एनरकॉनची. त्यांच्यात गिअरबॉक्स नसतो. पाती थेट मोठ्या कड्याच्या जनित्राला फिरवतात. मूळ कंपनी जर्मनीतल्या आउरिशची. १९९४ मध्ये तिने भारतीय भागीदारांबरोबर एनरकॉन इंडिया काढली. पुढे जर्मन कंपनीकडे ५६ टक्के आणि भारतीय भागीदारांकडे ४४ टक्के अशी मालकी होती. बहुमत जर्मनांकडे, रोजचा कारभार भारतीयांकडे. २००७ च्या सुमारास तंत्रज्ञानाच्या परवान्यावरून आणि पैशांवरून बिनसले, जर्मनीहून सुटे भाग येणे थांबले, एकस्वांवरून दावे झाले. वाद कुठे सोडवायचा यावरूनच खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ फेब्रुवारी २०१४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की करारात लंडन हे फक्त बैठकीचे ठिकाण आहे, लवादाचे कायदेशीर पीठ भारतात आहे. भारतीय कंपनीने विंड वर्ल्ड हे नाव घेतले. सुझलॉनकडे मते होती पण मालकी अपुरी. एनरकॉनकडे मालकी होती पण कारभार नाही. दोघांनाही आपली पद्धत दुसऱ्याच्या घरात लागू करता आली नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतच याहून सुखाने चाललेली उदाहरणे आहेत. फलटणला कमिन्सचा मोठा औद्योगिक परिसर आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी मुख्यालय असलेल्या या कंपनीशी आपले नाते १९६२ च्या किर्लोस्कर कमिन्सपासूनचे. तिची आचारसंहिता आणि उत्पादनसुधारणेची पद्धत जगभर एकच. इंजिन मात्र ज्या देशात विकायचे त्या देशाच्या प्रदूषण नियमांप्रमाणे. म्हणूनच १ एप्रिल २०२० ला भारतात बीएस-६ आले, तेव्हा बदल इंजिनात झाला, शिस्तीत नाही. दुसरे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या या गावातून किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप जातात. या कंपनीने २००३ मध्ये इंग्लंडची एसपीपी पंप्स घेतली आणि तिचे नाव तसेच ठेवले. आग विझवण्याच्या पंपांत ते नाव ग्राहकांच्या ओळखीचे होते. पंपाची चाचणी कशी करायची, हे अग्निसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी आधीच ठरवून दिलेले असते. त्यात ना वाडीचा हट्ट चालतो ना इंग्लंडचा. बाहेरचे, सर्वांना मान्य असलेले मानक मधे असले की पालक आणि उपकंपनी यांच्यातला मानापमान गळून पडतो. हा मार्ग आणखी वापरला जावा असे मला मनापासून वाटते.

धोरणांच्या बाबतीत कायद्याची रेघ कुठे असते तेही पाहून घेऊ. लाचलुचपतीविरुद्धचे धोरण सर्वत्र एकच ठेवावे लागते, कारण १९७७ चा अमेरिकेचा आणि २०१० चा ब्रिटनचा कायदा त्या त्या देशाच्या सीमेबाहेरच्या व्यवहारांनाही पकडतो. पवनचक्कीच्या रस्त्याचे काम घेणाऱ्या गावातल्या ठेकेदाराला इंग्रजीतल्या आठ पानांवर सही करावी लागते ती यामुळे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार मात्र परदेशातल्या एखाद्या हेल्पलाइनवर सोपवून भागत नाही. २०१३ च्या आपल्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारीच असावी लागते. मुख्यालयाने सर्वांसाठी एक संगणक प्रणाली घेतली, तर तिचा खर्च उपकंपन्यांत वाटतानाही तो त्रयस्थाला लावला असता तेवढाच लावावा लागतो. आपल्याकडे २००१ पासून प्राप्तिकर खाते हे तपासते. कर्मचाऱ्यांची माहिती युरोपातून बाहेर न्यायची तर २०१८ पासून तिथल्या डेटा संरक्षण नियमांची अट आहे.

आता वनकुसवड्याकडे परत. ३५० किलोवॉटची ती यंत्रे वीस वर्षांहून अधिक काळ उभी आहेत. जुनी लहान यंत्रे काढून त्याच जागी मोठी बसवण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१६ मध्ये आणले आणि २०२३ मध्ये सुधारले. ते काम इथे होईल तेव्हा नवी यंत्रे, नवी नियमावली आणि नवी प्रणाली येईल. कदाचित मालकही नवे असतील. कोणत्या कड्याकडून येणारा झोत पात्यांना हिसका देतो, धुक्याची ओल कोणत्या पॅनेलमध्ये आधी शिरते, कोणत्या वळणावर क्रेन अडकते, हे मात्र पाटण तालुक्यातल्या आयटीआय शिकलेल्या तंत्रज्ञांना ठाऊक आहे. त्यातले बरेचसे त्यांच्या डोक्यात आणि साइटवरच्या जुन्या वह्यांत आहे. समूहाची नियमावली वरून खाली येते, तशी ही माहिती खालून वर नेण्याचा रस्ताही तिच्यातच लिहिलेला असावा: साइटवरच्या माणसाने सुचवलेली दुरुस्ती कोणाकडे जाईल, किती दिवसांत उत्तर मिळेल, नाकारली तर कारण कोण देईल. असा रस्ता नसलेली नियमावली अपुरी समजावी. जुनी यंत्रे उतरवण्याआधी कंपन्यांनी त्या वह्या गोळा कराव्यात, त्या लिहिणाऱ्यांना बोलते करावे आणि त्यांच्या नावानिशी ते ज्ञान नव्या नियमावलीत घालावे.